घाम वेगळा, वास वेगळा

इंदूरच्या कृष्णपुऱ्यात, होळकरांच्या छत्र्या मागे टाकून राजवाड्याच्या दिशेनं निघालं की कापडाची दुकानं सुरू होतात. गेल्या जुलैत आत्याबरोबर त्यातल्याच एका दुकानात गेलो होतो. तिला माहेश्वरी साडी घ्यायची होती. बाहेर पाऊस नुकताच थांबलेला, आत पांढऱ्या चादरीची गादी, भिंतभर फडताळं आणि डोक्यावर कुरकुरणारा पंखा.

साड्या दाखवणारा मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा, चांगला उंच. आत्यानं वरच्या फळीवरची अंजिरी साडी मागितली. हात लांबवला असता तर ती सहज निघाली असती. पण तो कोपऱ्यातलं स्टूल घेऊन आला, त्यावर चढला आणि कोपरं बरगड्यांना चिकटवून, दोन बोटांच्या चिमटीत साडी ओढू लागला. गठ्ठा घसरला, तो सावरायला हात वर गेलाच आणि आकाशी शर्टावरचा काखेपासून कमरेपर्यंत उतरलेला गडद निळा डाग सगळ्यांना दिसला.

"एवढा उंच मुलगा, पण स्टुलाशिवाय हलत नाही," गल्ल्यावरून शेठजी म्हणाले. "ताई, हल्लीची पोरं कामचुकार झालीत." मग ते स्वतः उठले आणि दोन्ही हातांनी पदर झुलवत साडी उलगडू लागले. त्यांचा टेरिकॉटचा सफारी अगदी कोरडा होता. पण हात वर झाले आणि असा आंबूस, कुबट दर्प आला की आत्यानं पदर नाकाशी नेला.

एका छपराखाली दोन माणसं. मुलगा भिजलेला, पण त्याला वास नव्हता. शेठजी कोरडे, पण त्यांना वास होता. लाजत होता मुलगा, आणि शेठजींना कशाचा पत्ता नव्हता. घामाबद्दल आपण जो काही घोळ घालतो तो सगळा या चित्रात आहे. इंदूरकरांना घरोघरी ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा करायची सवय लागली, म्हणून २०१७ मध्ये शहर देशात पहिलं आलं आणि पुढेही वर्षानुवर्षं येत राहिलं. घामाच्या बाबतीतही पहिलं काम हेच, वर्गीकरण. ओल ही एक अडचण, वास ही दुसरी. दोन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे.

माठ का पाझरतो

आधी ओल. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते माठातली उष्णता घेऊन जातं. शरीराचंही असंच आहे. एक ग्रॅम घाम उडून जाताना साधारण ५८० कॅलरी उष्णता नेतो, म्हणजे एक लिटर घाम पूर्ण सुकला तर ५८० किलोकॅलरी. उन्हात कष्ट करणारा माणूस तासाला लिटरभर घाम सहज गाळतो. हा पंप बंद पडला तर उष्माघात ठरलेला.

मात्र घाम सुकला तरच गारवा देतो, नुसता ओघळला तर नाही. माळव्याच्या पठारावर मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, पण हवा कोरडी असते. घाम भरपूर येतो, आला तसा उडतो आणि शर्टावर फार तर मिठाची पांढरी रेघ राहते. जून उलटून पाऊस लागला की तापमान उतरतं, पण हवेत आधीच पाणी असल्यानं घाम उडत नाही. म्हणून मेपेक्षा जुलै-ऑगस्टमध्ये शर्ट जास्त भिजलेले दिसतात. पावसाळ्यात माठातलं पाणी गार होत नाही, त्याचंही कारण तेच.

आपल्या कातडीत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात. त्यातल्या बहुतेक 'एक्राइन' जातीच्या. त्या अंगभर पसरलेल्या असतात आणि थेट कातडीवर उघडतात. त्यांचा घाम म्हणजे पाणी आणि थोडं मीठ. उकाडा झाला, जिना चढला, तिखट लौंग सेव खाल्ली, साहेबानं बोलावलं, की या ग्रंथी सुरू. काखेतली ओल मुख्यतः यांची. आणि हा घाम जवळजवळ बिनवासाचा असतो.

वास कुठून येतो

वासाचं घर दुसऱ्या ग्रंथींत आहे. त्यांना 'अ‍ॅपोक्राइन' म्हणतात. त्या काखेत आणि जांघेत असतात, केसाच्या मुळाशी उघडतात आणि वयात आल्यावरच कामाला लागतात. म्हणूनच दिवसभर मातीत लोळून आलेल्या सहा वर्षांच्या पोराला घाम असतो, पण मोठ्या माणसासारखा दर्प नसतो. या ग्रंथींतून थोडासा दाट, स्निग्ध स्राव येतो. ताण, भीती, धांदल यांनी तो वाढतो.

गंमत अशी की हा स्रावही ताजा असताना बिनवासाचा असतो. दर्प तयार करतात काखेत मुक्काम ठोकून असलेले जिवाणू. ते या स्रावावर जगतात, त्याचे तुकडे करतात आणि उरलेल्या तुकड्यांना वास येतो. त्यात काही आम्लं असतात, तर काही गंधकाची संयुगं, कांद्याच्या वासाच्या जातकुळीतली. ही संयुगं अगदी कणभर असली तरी नाकाला कळतात. यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये 'स्टॅफिलोकॉकस होमिनिस' या जिवाणूमधलं, हा गंधकी वास घडवणारं विकर नेमकं दाखवून दिलं. थोडक्यात, घाम हे दूध आणि वास हे विरजण. दूध ताजं असेपर्यंत तक्रार नाही.

यात जन्मानं मिळालेला वाटाही आहे. २००६ मध्ये जपानी संशोधकांनी एका जनुकातला फरक शोधला. त्यावरून कानातला मळ चिकट असेल की भुशासारखा कोरडा हे ठरतं. त्याच जनुकावर काखेचा वासही अवलंबून असतो. कोरडा मळ असणाऱ्यांच्या काखेला जवळपास वास नसतो, आणि अशी माणसं चीन, कोरिया, जपानमध्ये बहुसंख्य आहेत. तेव्हा ज्याला वास येतो तो अस्वच्छच, हा निवाडा घाईचा आहे. रोज दोनदा अंघोळ करणाऱ्यालाही दर्प असू शकतो.

लाज कुणी विकली

सुगंधाचा नाद आपल्याकडे जुना. इंदूरहून ५५ किलोमीटरवरच्या उज्जैनीशी नातं सांगणाऱ्या वराहमिहिरानं सहाव्या शतकात 'बृहत्संहिते'त 'गंधयुक्ति' नावाचा स्वतंत्र अध्याय लिहिला. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर किती सुगंध होतील, याचा हिशेबही त्यानं मांडला. उत्तर १८२०, आणि ते अचूक आहे. मराठीही यात मागे नव्हती. 'गंधवाद' नावाच्या एका जुन्या सुगंधशास्त्रीय ग्रंथावर मराठी टीका आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी ती अभ्यासकांपुढे आणली. आपल्या दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा, वाळा आणि आंबेहळद याच परंपरेतले. पण हा सगळा व्यवहार हौसेचा, उपभोगाचा होता. घाम येतो म्हणून माणसानं तोंड लपवावं, ही गोष्ट बरीच नंतरची.

१८८८ मध्ये अमेरिकेत 'मम' नावाचं काखेचं मलम विक्रीला आलं. त्याचं काम वास रोखणं. १९०३ मध्ये 'एव्हरड्राय' आलं. ते घामच रोखायचं. पुढे सिनसिनाटीतल्या एडना मर्फी या तरुणीनं 'ओडोरोनो' विकायला घेतलं. ते औषध तिच्या शल्यचिकित्सक वडिलांनी शस्त्रक्रियेच्या वेळी हाताला घाम येऊ नये म्हणून बनवलं होतं. गिऱ्हाइकं म्हणत, आम्हाला याची गरजच नाही. मग जेम्स यंग या जाहिरात-लेखकानं १९१९ मध्ये 'लेडीज होम जर्नल'मध्ये एक जाहिरात दिली. तिचा सूर असा, की तुम्हाला वास येतो, तुम्हाला तो कळत नाही, आणि लोक तोंडावर बोलणार नाहीत. दोनेकशे वाचकांनी संतापून मासिक घेणं बंद केलं. पण वर्षभरात खप ११२ टक्क्यांनी वाढून ४ लाख १७ हजार डॉलरवर गेला. बाटली खपण्यासाठी आधी शरम खपवावी लागली होती. कृष्णपुऱ्यातल्या त्या मुलानं स्टूल ओढलं, त्यात या जाहिरातीचाही थोडा हात आहे.

बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा

ओल आणि वास यांचे उपाय वेगळे म्हणजे काय, ते आता पाहू. बाजारात 'डिओ' म्हणून मिळणारे बहुतेक फवारे वासावरचे असतात. त्यात अल्कोहोल असतं, ते काही जिवाणू मारतं, आणि अत्तर असतं, ते उरलेला वास झाकतं. ओल त्यानं एका थेंबानंही कमी होत नाही. घाम कमी करणारं ते 'अँटिपर्स्पिरंट'. ओळखायचं कसं? मागच्या बाजूच्या घटकांच्या यादीत अ‍ॅल्युमिनियमचा क्षार असेल तर ते घाम रोखणारं, नसेल तर नुसतं वासाचं.

अ‍ॅल्युमिनियमचा क्षार घामात विरघळतो आणि घर्मनलिकेच्या तोंडाशी त्याचं बूच तयार होतं. काही दिवसांनी कातडी झडते, तसं बूचही निघून जातं. इथेच सगळे चुकतात. सकाळी अंघोळ झाली, काख ओली, बस चुकत्येय म्हणून आपण ते घाईत फासतो. तेव्हा घामाचे पाट वाहत असतात, बूच बसायच्या आधीच औषध धुऊन जातं. ते लावायची वेळ रात्रीची, झोपण्यापूर्वीची. रात्री काखेतला घाम सर्वात कमी असतो. काख पंचानं खडखडीत कोरडी करावी आणि पातळ थर लावावा. सकाळी धुतलं तरी बूच आत राहतंच. सुरुवातीला रोज रात्री, फरक दिसला की आठवड्यातून एक-दोनदा पुरतं.

जास्त घाम असणाऱ्यांसाठी औषधाच्या दुकानात अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचं तीव्र द्रावण मिळतं, पण ते डॉक्टरांना विचारून घ्यावं. ओल्या कातडीवर त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं आणि चुणचुण, आग होते. म्हणून वस्तरा फिरवल्या दिवशी ते लावायचं नाही.

अ‍ॅल्युमिनियमनं कर्करोग होतो, हे व्हॉट्सअ‍ॅपवर बऱ्याच वेळा फिरलं आहे. नेहमीच्या वापरानं स्तनांचा कर्करोग होतो असा ठोस पुरावा नाही. मूत्रपिंड निकामी असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच वापरावं, कारण त्यांच्या शरीरातून अ‍ॅल्युमिनियम नीट बाहेर पडत नाही. अ‍ॅल्युमिनियम नको म्हणून तुरटी फिरवणाऱ्यांना एक गोष्ट सांगायला हवी. तुरटी हाही अ‍ॅल्युमिनियमचाच क्षार आहे. ती जिवाणूंना आवर घालते आणि वासावर थोडी चालतेही, पण धो-धो घामापुढे तिचं काही चालत नाही.

खायचा सोडा आणि लिंबू हे काखेत न लावलेले बरे. निरोगी कातडी किंचित आंबट असते, तर सोडा त्याच्या उलट, अल्कधर्मी. चार दिवस बरं वाटतं, मग लाल पुरळ. लिंबानं आग होते आणि काळे डाग पडतात. टाल्कम पावडर थोडी ओल शोषते आणि मग तिचा चिखल होतो.

वास हीच अडचण असेल तर जिवाणूंचा मुक्काम हलवायला हवा. काखेत साबणाचा हात नुसता फिरवू नये, काख नीट घासावी, धुवावी आणि कोरडी करावी. केस कातरले तर स्राव आणि जिवाणू धरून ठेवायला जागा उरत नाही. तरीही भागलं नाही तर मुरुमांवरचं बेन्झॉइल पेरॉक्साइडचं फेसवॉश त्वचारोगतज्ज्ञ काखेसाठी सुचवतात. मिनिटभर ठेवून धुवायचं, पण रंगीत टॉवेल जपायचा, त्याचा रंग उडतो.

शर्टाची साक्ष

शेठजींचा दोष मात्र कातडीत कमी आणि पॉलिएस्टर मिसळलेल्या टेरिकॉटच्या सफारीत जास्त होता. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठानं २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. २६ माणसांना तासभर सायकल मारायला लावली, त्यांचे टी-शर्ट दिवसभराहून अधिक काळ ठेवून दिले आणि मग वास घेण्यात तरबेज लोकांकडून ते हुंगवले. सुतीपेक्षा पॉलिएस्टरचे शर्ट जास्त घाण वासाचे निघाले. पॉलिएस्टरचा धागा पाणी पीत नाही, पण तेलकट अंश धरून ठेवतो आणि वास घडवणाऱ्या काही जिवाणूंना तिथे चांगलं फावतं. पुढच्या वेळी कपडा अंगाच्या उबेनं तापला की जुना वास जागा होतो. माणूस नुकता नाहून आलेला असला तरी.

म्हणून कपडे उलटे करून धुवावेत, काखेच्या जागी साबण लावून थोडा वेळ ठेवावा आणि उन्हात उलटेच वाळवावेत. दमट खोलीत दोरीवर अर्धवट वाळलेला शर्ट इस्त्री करून घालणं म्हणजे वासावर कडक घडी घालणं. पांढऱ्या शर्टावरचे पिवळे डाग नुसत्या घामाचे नसतात. घाम, तेल आणि अ‍ॅल्युमिनियमचे क्षार यांच्या मिसळीतून ते उमटतात. म्हणून लावलेलं औषध सुकल्याशिवाय शर्ट घालू नये.

नोकरीच्या ठिकाणी कंपनीचा पॉलिएस्टरचा गणवेश असेल तर आत सुती बनियन घालावं, ते पहिला घाम पितं. सैल बाही, काखेशी वारा खेळेल असा कपडा असावा. जुने शिंपी सदऱ्याच्या काखेत कापडाचा चौकोनी तुकडा जोडत, तो उगीच नाही. हात मोकळा वर जातो आणि कापड कातडीला चिकटत नाही. पांढरा, गडद निळा आणि बारीक चौकटीचा शर्ट ओल लपवतो. आकाशी आणि राखाडी चुगली करतात. पिशवीत एक घडी केलेला शर्ट असावा, दुपारी तीनच्या सुमारास बदलायला.

डॉक्टरकडे कधी

कुणी म्हणेल, हे सगळं करून पाहिलं, तरी हिवाळ्यात पंख्याखाली बसूनही शर्ट पिळून निघतो. याला अतिस्वेद म्हणतात आणि हा ओळखीचा आजार आहे. खुणा साध्या आहेत. सहा महिन्यांहून जास्त काळ, आठवड्यातून एकदा तरी, कारणाशिवाय, दोन्ही बाजूंना सारखा घाम. सुरुवात पंचविशीच्या आत. घरात आणखी कुणाला तसंच. आणि झोपेत तो थांबतो. ही शेवटची खूण फार महत्त्वाची आहे. उलट, रात्री अंथरूण भिजत असेल, सोबत ताप, खोकला किंवा वजनात घट असेल, तर क्षयासारखं दुखणं तपासायला हवं. उतारवयात अचानक अंगभर घाम सुरू झाला तर थायरॉइड, साखर, नवं सुरू झालेलं औषध आणि बायकांमध्ये पाळी जाण्याचा काळ यांकडे पाहावं लागतं. छातीत दुखून दरदरून घाम फुटला तर हा लेख बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावं.

अतिस्वेदावर आज चांगले उपचार आहेत. घामाचा निरोप पोचवणाऱ्या चेतातंतूंना गप्प करणाऱ्या गोळ्या आहेत, पण त्यांनी तोंड सुकतं. बोट्युलिनम विषाची इंजेक्शनं काखेत दिली की साधारण सहा महिने काख कोरडी राहते. अमेरिकेत या वापराला २००४ मध्येच मान्यता मिळाली. सूक्ष्मलहरींनी ग्रंथीच नष्ट करणारी यंत्रंही आहेत. छातीतली चेता कापण्याची शस्त्रक्रिया मात्र अगदी शेवटचा मार्ग. काख सुकते आणि पाठ-पोट भिजू लागतं, असं पुष्कळांच्या बाबतीत होतं. हे महागडे उपचार लगेच करून घ्यावे लागतात असं नाही. सरकारी रुग्णालयातल्या त्वचारोग विभागात केसपेपर काढून विचारलं तरी सुरुवात होते.

सांगायचं कसं

राहिला सर्वात अवघड भाग. स्वतःचा वास स्वतःला कळत नाही. नाक सतत येणाऱ्या वासाची दखल घेणं सोडून देतं, जसा घरातल्या फोडणीचा वास पाहुण्याला येतो, आपल्याला नाही. त्यामुळे कुणीतरी सांगावं लागतं. उलट काही माणसांना वास नसतानाही आपल्याला येतोच अशी खात्री असते. ती लोकांपासून दूर पळतात, दिवसातून पाच-पाचदा अंघोळ करतात. त्यांना साबणाची नव्हे, मनाच्या डॉक्टरची गरज असते.

कचेरीत आपण सहसा सांगत नाही, सुचवतो. खिडकी उघडतो, खुर्ची सरकवतो, वाढदिवसाला डिओची बाटली देतो. सुचवण्यातली क्रूरता अशी की बाकी सगळ्यांना ते कळतं, ज्याच्यासाठी असतं त्यालाच कळत नाही.

त्या दिवशी आत्यानं जे केलं ते मी विसरलेलो नाही. तिनं शाळेत तीस वर्षं मुलं शिकवली आहेत. साडी बांधली जात असताना ती पाणी प्यायच्या निमित्तानं मागे, माठाशी गेली. मुलगा पेला द्यायला आला तेव्हा हळूच म्हणाली, "बाळा, एक विचारू? राग नको मानूस. काय लावतोस घामाला?"

तो आधी कानापर्यंत लाल झाला. मग म्हणाला, "मावशी, सकाळी स्प्रे मारतो. दुपारी परत मारतो. अर्धा पगार त्यातच जातो."

"तुला वास नाहीये रे. नुसती ओल आहे. तू भलत्याच दुखण्याचं औषध करतोयस." आणि तिनं पावतीच्या मागे तीन ओळी लिहून दिल्या. झोपताना कोरड्या काखेत काय लावायचं ते, आत सुती बनियन, आणि महिन्यात फरक नाही पडला तर त्वचेच्या डॉक्टरकडे जायचं. एकट्यात, एकदाच, उपायासकट. याहून चांगली रीत मला माहीत नाही.

नवरात्रात आम्ही फॉल-पिको झालेली साडी आणायला गेलो. मुलगा गादीवर उभा होता. गडद निळा शर्ट, दोन्ही हात डोक्यावर नेऊन वरच्या फळीवरून गठ्ठेच्या गठ्ठे उतरवत होता. त्याला पूर्ण कोरडा झालास का, असं विचारण्याची गरज नव्हती. कोपऱ्यात पाहिलं तर स्टुलावर माठ ठेवला होता.

"आता बघा," शेठजी कौतुकानं म्हणाले आणि साडीची घडी दाखवायला पुढे झाले. सफारी तोच होता. आत्यानं श्वास रोखला, हसून मान डोलावली आणि बाहेर आल्यावर मोकळा सोडला.

"यांना कोण सांगणार?" मी विचारलं.

"मीच," ती म्हणाली. "पण आज दुकानात गिऱ्हाइकं होती. दिवाळीला फराळ घेऊन घरी जाईन, तेव्हा."